फूटचे फीट, किताबचे कुतुब

एका वाचक भगिनीने कळवले आहे की, सातवीतल्या मुलाने इंग्रजीच्या वहीत 'फूट्स', 'टूथ्स', 'चाइल्ड्स' असे लिहिले आणि वर्गात हशा पिकला. आता इंग्रजीचा तास आला की त्याचे पोट दुखते. "मी आठवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. मी काय शिकवणार?" असे त्या विचारतात.

पहिली गोष्ट अशी की, मुलाला नियम समजला आहे. अनेकवचन करताना 'एस' लावायचा, हे त्याला कळले म्हणून तर त्याने तो सगळीकडे लावला. इंग्रजांची लहान मुलेही आधी 'फूट्स'च म्हणतात.

दुसरी गोष्ट जरा मजेची आहे. शब्दाच्या पोटातला स्वर बदलून अनेकवचन होणे आपल्या घरांना नवे नाही. मक्तबमध्ये मूल किताब-कुतुब, मस्जिद-मसाजिद शिकतेच. मुस्लिमचे मुस्लिमीन झाले तर शब्द शाबूत राहतो, म्हणून अरबीत त्याला 'जमअ सालिम' म्हणतात. किताबचे कुतुब होताना शब्द मोडतो, म्हणून ती 'जमअ मुकस्सर'. फूट-फीट, टूथ-टीथ, मॅन-मेन, माऊस-माइस ही इंग्रजीची मोडकी अनेकवचनेच समजा. मात्र मोडण्याचे कारण वेगळे. फार पूर्वी या शब्दांच्या अनेकवचनाला शेवटी 'इ'चा उच्चार होता. त्या 'इ'ने आधीचा स्वर आपल्याकडे ओढला. पुढे 'इ' गळून गेली, ओढलेला स्वर तसाच राहिला.

गंमत म्हणजे 'बुक'ही त्यांतलेच होते. जुन्या इंग्रजीत एक 'बोक', अनेक 'बेच'. पुढे ते 'एस'च्या रांगेत गेले. किताबचे कुतुब मात्र टिकून आहे.

'चिल्ड्रन'ची तर दोनदा अनेकवचने झाली. आधीचे 'चिल्डर' हेच अनेकवचन होते. लोकांना ते पुरेसे वाटेना, म्हणून वर 'ऑक्सन'सारखा 'एन' चढवला. यावर आपण हसायला नको. औलाद हे अरबीत 'वलद'चे अनेकवचन, तरी दखनीत आपण 'औलादां' म्हणतोच! मराठी कचेऱ्यांतला 'अहवाल'सुद्धा मुळात 'हाल'चे अनेकवचन आहे. आपण खुशाल 'एक अहवाल' सादर करतो.

राहता राहिला शिकवण्याचा प्रश्न. स्वर बदलणारे रोजचे शब्द सातच: मॅन, वूमन, फूट, टूथ, गूज, माऊस, लाऊस. त्यांत चाइल्ड आणि ऑक्स घाला. शीप आणि डिअर बदलतच नाहीत. इतक्यासाठी व्याकरणाचे पुस्तक कशाला? मक्तबचा सबक घोकतात तसे जोडीने, मोठ्याने म्हणायचे. अम्मीने पोळ्या लाटता लाटता "वन टूथ?" विचारावे, मुलाने "टू टीथ" म्हणावे. आठवीपर्यंतचे शिक्षण याला भरपूर झाले. मराठीत आपण 'सहा फूट' म्हणतो, तेवढे इंग्रजीत 'सिक्स फीट' करायला त्याला आठवण द्यावी लागेल.

आणि एक शब्द मुलाने वर्गात मुद्दाम विचारावा. गूजचे गीज, मग मंगूसचे काय? बरेच जण फसतात. हा शब्द इंग्रजांनी आपल्या मराठी मुंगसावरून घेतला. हंसाच्या त्या नातलगाशी, गूजशी, त्याचा काही संबंध नाही. म्हणून मंगूसेस.