चोर सोडून संन्याशाला सुळी

इंटरनेटला कायद्याचे बंधन असावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. लुबाडणूक, स्त्रियांचा छळ, दंगलीची चिथावणी हे गुन्हे रस्त्यावर घडोत की संगणकाच्या पडद्यावर, ते गुन्हेच होत. प्रश्न आहे तो हे बंधन कोणत्या शब्दांत घालावयाचे हा. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ या कलमाचा इतिहास त्यासाठी पुन्हा तपासून पाहण्यासारखा आहे.

२००८ च्या दुरुस्तीने हे कलम कायद्यात आले आणि ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. धमक्या, फसवे संदेश व छळ यांना आळा घालणे हा त्याचा हेतू. परंतु 'अत्यंत आक्षेपार्ह', 'त्रास', 'गैरसोय' अशा शब्दांवर तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा टांगण्यात आली आणि या शब्दांची व्याख्या मात्र कोठेच केली गेली नाही. गुन्हा दखलपात्र असल्याने तो अर्थ लावण्याचे काम साहजिकच ठाण्यातील फौजदाराकडे गेले.

परिणाम दिसावयास वेळ लागला नाही. एप्रिल २०१२ मध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरील एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठविल्याबद्दल कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना अटक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिल्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत नोंदविले. तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शविली. दोघींनाही पोलिसांनी पकडले. पुढे हे प्रकरण बंद झाले, संबंधित अधिकारी निलंबित झाले. पण व्हावयाचा तो धाक बसून गेला होता.

हा केवळ पोलिसांच्या अतिउत्साहाचा दोष नव्हे. सराईत भामटा खोट्या नावाने वावरतो. त्याचा माग काढावयास कसब आणि चिकाटी लागते. स्वतःच्या नावाने मत मांडणारा शिक्षक वा विद्यार्थी मात्र आयता हाती सापडतो. कायद्याचे शब्द सैल असले की तो सोप्या सावजावरच पडतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची सोय अशी कायद्यातच होऊन बसते.

श्रेया सिंघल या तरुणीच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. येथे प्रकरण संपावयास हवे होते. तसे झाले नाही. मार्च २०२१ मध्येही अकरा राज्यांतील जिल्हा न्यायालयांत या कलमाखालचे ७४५ खटले प्रलंबित असल्याचे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले. या मृत कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये नव्याने द्यावा लागला. प्रा. महापात्र यांची इतर आरोपांतूनही मुक्तता होण्यास जानेवारी २०२३ उजाडला. व्यंगचित्र एक आणि खटला जवळजवळ अकरा वर्षे!

यावरून राज्यकर्ते काही शिकले काय? केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा 'खोटा वा दिशाभूल करणारा' मजकूर सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाने ठरवावा, अशी दुरुस्ती २०२३ मध्ये नियमांत करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरविली. शब्द निराळे, सैलपणा तोच. आणि येथे तर फिर्यादी व पंचही एकच.

न्यायालये चूक दुरुस्त करतात हे खरे. परंतु मधल्या वर्षांची भरपाई ती करू शकत नाहीत. म्हणून जे करावयाचे ते विधेयकावर चर्चा होतानाच केले पाहिजे. गुन्हा कोणता हे नेमक्या शब्दांत सांगावे, आणि रद्द झालेले कलम ठाण्याठाण्यांतून खरोखर हटले की नाही, याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर टाकावी. आपण लिहिलेले वाक्य गुन्हा आहे की नाही, हे नागरिकाला लिहिण्यापूर्वीच कळावयास हवे, अटकेनंतर नव्हे.