ताक का कळकते?



काही वर्षांमागे एका वस्तीवर पिकाची पाहणी करताना मी पितळी चरवीतले ताक प्यालो. चव तुरट लागली. पण घरच्या माउलीला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. चरवीची कल्हई उडालेली होती.

ताक कळकते म्हणजे काय होते? ताकाचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आम्ल जस्ताला खाते, हवेच्या संगतीने तांबेही विरघळवते. ते क्षार ताकात उतरतात. उकळून ते जात नाहीत. चिंच, लिंबू, कोकम यांचेही तसेच. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो आम्लाला पितळेपर्यंत पोचू देत नाही.

म्हणून कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नका. रानात ताक न्यायला स्टेनलेस स्टीलची बरणी घ्या. लोणचे चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीतच घाला, अॅल्युमिनियमच्या डब्यात नको. ताक कळकलेच तर ओतून द्या, जनावरांनाही पाजू नका. पाहुण्यानेही भीड धरू नये. मी धरली, म्हणून सांगतो.