सामायिक कोठार आणि किल्ली

एकत्र कुटुंबांत कोठार सर्वांचें असतें, पण त्याची किल्ली एकाच कमरेस असते. ही साधी रीत आम्ही संगणकाच्या बाबतींत विसरलों.

आमच्या घरचीं छायाचित्रें, कागदपत्रें व आमचीं संस्कृत टिपणें एका सामायिक ड्राइव्हवर होतीं. 'घरचींच माणसें' म्हणून वाचण्याची, लिहिण्याची, पुसण्याचीही मुभा प्रत्येकास! नातवाच्या लॅपटॉपमध्यें खंडणीखोर विषाणू शिरला, आणि नातवास जेथें लिहिण्याची मुभा होती तेथील साऱ्या फायली त्यानें कुलूपबंद केल्या. छायाचित्रांची निराळी प्रत होती म्हणून तीं वांचलीं, टिपणें गेलीं. नातवास आम्हीं बोल लाविला नाहीं. व्यवस्था आमची होती.

मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय' जगभर पसरला, तोही फायली वांटून घेण्याच्या 'एसएमबी' व्यवस्थेंतील छिद्रांतून. मायक्रोसॉफ्टनें त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येंच दिली होती. ज्यांनीं आळस केला ते फसले.

तेव्हां सुज्ञ वाचकांनीं इतकें करावें. प्रत्येकाचें खातें व परवलीचा शब्द निराळा असावा. लिहिण्याची मुभा ज्याचें काम त्यासच. इतरांस केवळ वाचण्याची. 'एव्हरीवन' व 'गेस्ट' यांस मज्जाव करावा. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवावी, राउटरचें ४४५ क्रमांकाचें द्वार बाहेरच्या जगास उघडूं नये, आणि दुरुस्त्या वेळेवर घ्याव्या. शेवटीं, एक प्रत तार काढून कपाटांत ठेवावी.

सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, घरच्याघरींही कुलपें?"

आम्हीं म्हटलें, "कोठारास होतेंच कीं!"