एक सूत म्हणजे किती?

साखळी, फर्लांग, गज, सूत ही मंडळी केव्हाच हद्दपार झाली असं आपण समजतो. १९५६ साली मापांचा कायदा झाला आणि देशात मेट्रिक पद्धत आली. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना तर मिलिमीटरच्या बाहेर जगच नाही! पण जरा ग्राउंडवर जाऊन बघा. क्रिकेटची पिच २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट, म्हणजे सर्व्हेची बरोब्बर एक गुंटर साखळी. अशा दहा साखळ्यांचा फर्लांग, आठ फर्लांगांचा मैल. गावाकडे जमिनीचं बोलणं अजून गुंठ्यात चालतं. तो गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, अर्ध्या साखळीचा चौरस.

ही झाली गंमत. खरा मुद्दा सुताचा आहे. सुतार, फिटर इंचाचे आठ भाग करतात, त्यातला एक भाग म्हणजे सूत, ३.१७५ मिमी. साइटवर सळईसुद्धा सुतात मागतात. १० मिमीची ती तीन सूत, १२ मिमीची ती चार सूत. आता कॅल्क्युलेटर काढा. तीन सूत होतात ९.५ मिमी आणि चार सूत १२.७! बोलण्यात हे चालून जातं, कारण तिथे 'चार सूत' हे माप नाही, नाव आहे. पण कुणी ते माप समजून हिशेबात १२.७ धरले आणि सळई आली १२ ची, तर? क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. १२६.७ चौ. मिमी.च्या जागी मिळणार ११३.१. म्हणजे लोखंड जवळजवळ ११ टक्के कमी!

यावर काहीजण म्हणतात, जुनी मापं बंदच करा. मला हे पटत नाही. मिस्त्रींचा हात सुतावर बसलेला आहे, त्यांनी आपली भाषा का सोडावी? ड्रॉइंग आपल्या हातात, डिग्री आपल्याकडे, मग रूपांतराची जबाबदारीही आपलीच. मिस्त्री 'चार सूत' म्हणाले की "म्हणजे बाराची ना?" एवढं विचारायला कसली लाज? आणि कागदावर मात्र मिलिमीटरच लिहायचे.

सरांना एक विनंती. वर्कशॉपच्या व्हायव्हात व्हर्नियरच्या लीस्ट काउंटबरोबर सूतही विचारा. सबमिशनमध्ये युनिट राहिलं की आपला फक्त अर्धा मार्क जातो. साइटवर त्या स्लॅबखाली माणसं राहायला येणार असतात.