अपक्षाचं बटण दाबणारा अडाणी नसतो



आज या पानावर अळी नाही, खताचा डोस नाही, पावसाचा अंदाज नाही. आज मतावर लिहितोय. विषय बांधाबाहेरचा वाटेल, पण आपला भाव, विमा, विहीर, कर्ज या सगळ्याचा हिशोब शेवटी त्याच बटणापाशी येऊन थांबतो. कुठल्या पक्षाचा प्रचार करायचा नाही. कमेंटमध्येही कुणी करू नका.

निवडणूक झाली की टीव्हीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. गरीब माणूस रागाच्या भरात मत देतो, तडाखेबाज भाषणाला भुलतो आणि मत वाया घालवतो. आपल्यातले शिकलेले लोकही मान डोलावतात. मला हे पटत नाही. ज्याच्याकडं दोन एकर कोरडवाहू आहे किंवा तेवढंही नाही, तो माणूस दहा रुपयाची पुडी घेताना चार दुकानं फिरतो. असा माणूस मत तेवढं बिनहिशोबी देत असेल?

२०२४ ची लोकसभा आठवा. जालन्यात रावसाहेब दानवे १९९९ पासून सलग खासदार होते, केंद्रात राज्यमंत्री होते. ते हरले. काँग्रेसचे कल्याण काळे निवडून आले ही बातमी झाली, पण माझ्या मते खरी बातमी तिसऱ्या नंबरवर होती. मंगेश साबळे नावाचा एक तरुण सरपंच अपक्ष उभा होता आणि त्याला दीड लाखाच्या वर मतं पडली. मागं ना पक्ष, ना कारखाना, ना शिक्षणसंस्था. मग लोक त्याला ओळखत होते कशावरून? २०२३ मध्ये विहिरींच्या मंजुरीसाठी पैसे मागतात असा आरोप करून त्यानं फुलंब्रीच्या पंचायत समितीसमोर दोन लाखाच्या नोटा उधळल्या होत्या. तो व्हिडिओ गावोगाव फिरला.

शेजारच्या बुलडाण्यात तसंच. सोयाबीन-कापसाच्या भावासाठी आंदोलनं करणारे रविकांत तुपकर अपक्ष उभे राहिले. निवडून आले नाहीत, पण अडीच लाखाच्या आसपास मतं घेतली. तिथं निवडून आलेल्या उमेदवाराचं मताधिक्य तीस हजाराच्या आत होतं.

जालन्यात आरक्षणाचा प्रश्न तापलेला होता, हे मान्य. आंतरवाली सराटी याच जिल्ह्यात आहे. एका मतात चार कारणं मिसळलेली असतात. पण आरक्षणाचा राग काढायला समोर विरोधी पक्षाचा उमेदवार होताच की. मग दीड लाख लोक तिसरीकडं का गेले, याचं उत्तर नुसत्या आरक्षणात सापडत नाही.

माझं म्हणणं असं. शहरातल्या माणसाला सरकार म्हणजे मुंबई-दिल्ली. आपल्याला सरकार म्हणजे खिडकी. तलाठ्याची खिडकी, पंचायत समितीची, बँकेची, सोसायटीची, बाजार समितीची. वरती सत्ता बदलते, खिडकी बदलत नाही. दोन हजार चौदाला वरचं सरकार बदललं, एकोणीसला राज्यात बदललं, बावीसला पुन्हा बदललं. फेरफाराला लागणारे हेलपाटे कमी झाले का? तुमच्या गावचा हिशोब तुम्हीच सांगा.

शिवाय खिडकीच्या आतली माणसं कोणाची आहेत ते बघा. जिल्हा बँकेत, कारखान्यात, बाजार समितीत दोन्हीकडचे पुढारी एका पॅनलमध्ये बसतात. विधानसभेला एकमेकांवर तुटून पडणारे बँकेच्या निवडणुकीत बिनविरोध करतात. हे गरिबाला कळत नाही असं समजू नका. त्याला ते सगळ्यात आधी कळतं, कारण खेटे त्यालाच घालावे लागतात.

औषधाच्या दुकानातलं उदाहरण देतो. एका औषधानं अळी मरेना म्हणून आपण दुसऱ्या कंपनीचा डबा आणतो. घरी येऊन चिठ्ठी वाचली तर आतला घटक तोच. डबा वेगळा, रंग वेगळा, किंमत वेगळी. तोच घटक फिरून फिरून मारला की अळी दाद देत नाही, हे इथल्या कृषी सहायकांना मी सांगायची गरज नाही. असं दोन-तीन हंगाम झालं की शेतकरी म्हणतो, आता दुसऱ्या गटातलं औषध द्या. ते लागू पडेल याची त्याला खात्री नसते. पण जुनं लागू पडत नाही याची खात्री झालेली असते. अपक्षाला दिलेलं मत मला असं वाटतं. त्यात आशा थोडी असते, अनुभव जास्त असतो.

दुसरी गोष्ट, गमावण्यासारखं कोणाकडं काय आहे. ज्याचा पोरगा पुढाऱ्याच्या संस्थेत नोकरीला आहे, ज्याचा ऊस कारखान्याला वेळेवर जातो, ज्याच्याकडं रस्त्याचं ठेकेदारीचं काम आहे, तो व्यवस्थेच्या विरोधात मत देताना दहादा विचार करणार. आता बटाईनं शेती करणारा बघा. सातबारा त्याच्या नावावर नाही, म्हणून सोसायटीचं पीककर्ज नाही. विम्याला भाडेकरार नोंदणी करून मागतात, आणि मालक तो करून द्यायला घाबरतो. म्हणजे पेरणी त्यानं करायची, नुकसान त्यानं सोसायचं आणि कागदावर तो नाहीच. ऊसतोडीला सहा महिने बाहेर राहणाऱ्या घराची तीच गत. अनुदानाची यादी लागते तेव्हा ते कुठल्या तरी फडात असतात. जी व्यवस्था याला मोजतच नाही, ती मोडेल म्हणून यानं का घाबरावं?

तिसरी गोष्ट भाषेची. मोठ्या पक्षाचा उमेदवार सभेत देश कुठं चाललाय ते सांगतो. अपक्ष सांगतो की क्विंटलमागं तुझे किती गेले. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात बऱ्याच ठिकाणी चार-सव्वाचार हजारावर माल द्यावा लागला. हा फरक जो बोलून दाखवतो तो आपला वाटतो. नाशिककडं कांद्याचं तसंच झालं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये मतदानाच्या तोंडावर उठली, तीही निर्यातशुल्क ठेवून. दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्र्याला एका शाळामास्तरानं लाखाहून जास्त मतांनी पाडलं. तो मास्तर मोठ्या पक्षाचाच उमेदवार होता, पण मत कांद्याच्या हिशोबानंच पडलं.

आता दुसरी बाजू. ती नाही मांडली तर हे लिखाण लबाडीचं होईल.

असं मत देऊन पदरात काय पडतं? राजू शेट्टींचा प्रवास बघा. ऊसदराचं आंदोलन करणारा माणूस २००४ ला शिरोळमधून आमदार झाला, २००९ ला हातकणंगलेतून खासदार. शेतकऱ्यांनी मतही दिलं आणि वर्गणीही दिली. साखरपट्ट्यात कारखानदारांच्या विरोधात असं निवडून येणं ही साधी गोष्ट नव्हती. २०१४ ला ते भाजप-शिवसेनेबरोबर जाऊन पुन्हा निवडून आले. २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर गेले, म्हणजे ज्या कारखानदारांशी उभं आयुष्य भांडले त्यातल्याच बऱ्याच जणांच्या मांडीला मांडी लावून बसले. तिथं हरले. २०२४ ला एकटे लढले, तिसऱ्या नंबरवर गेले.

काही जण म्हणतात लोक कृतघ्न. मी तसं म्हणणार नाही. लोकांनी त्यांना वेगळ्या गटातलं औषध म्हणून निवडलं होतं. चिठ्ठीवर जुनाच घटक दिसला तेव्हा लोकांनी डबा खाली ठेवला. पण शेट्टींची अडचणही खरी आहे. एकटा खासदार संसदेत बोलू शकतो, धोरण बदलायला संख्या लागते. संख्येसाठी कुणाच्या तरी सतरंजीवर बसावं लागतं, आणि बसलं की वेगळेपण जातं. हा पेच आजवर कुणाला नीट सुटलेला नाही. शरद जोशींच्या सभांना लाखांनी शेतकरी यायचे, पण त्यांनी १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हा ती गर्दी मतपेटीत उतरली नाही.

आणि त्याच २०२४ चा नोव्हेंबर. लोकसभेला फटका बसलेल्या महायुतीनं विधानसभेला दोनशेच्या वर जागा जिंकल्या. सोयाबीनचा भाव तेव्हाही पडलेलाच होता. मग सहा महिन्यात राग कुठं गेला? कारणं बरीच असतील, पण आमच्याकडच्या बायांशी बोलल्यावर एक गोष्ट समजते. लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये थेट खात्यात आले. मध्ये पुढारी नाही, टक्केवारी नाही. सरकारनं दिलेलं काहीतरी मधल्या खिडकीनं न खाता हातात पडलं. तुम्ही त्याला लाच म्हणा, मदत म्हणा. पण मे महिन्यातलं मत आणि नोव्हेंबरमधलं मत एकमेकांच्या विरुद्ध नव्हतं, असं मला वाटतं. दोन्ही वेळेला माणूस त्या मधल्या खिडकीच्याच विरोधात बोलत होता. मे मध्ये त्यानं खिडकी फोडायला निघालेल्याला मत दिलं. नोव्हेंबरमध्ये त्याच्या घरातल्या बाईनं खिडकी टाळून पैसे पाठवणाऱ्याला दिलं.

म्हणून पक्षवाल्यांना एवढंच सांगणं आहे की गरिबाला भडकावलं कुणी ते शोधत बसू नका. तुमची खिडकी तपासा. विहिरीची फाईल पैसे न देता सरकली, बटाईदाराचं नाव यादीत आलं, मोजणी वेळेत झाली, तर नोटा उधळणाऱ्याला व्हिडिओ काढायची गरज पडणार नाही आणि लोक तो बघणारही नाहीत.

आणि आपल्या लोकांनाही एक सांगणं आहे, थोडं कडू लागेल. पाच वर्षात एकदा राग काढून खिडकी बदलत नाही. खिडकीवरची माणसं ठरतात सोसायटीच्या, बाजार समितीच्या, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. बाजार समितीच्या शेतकरी गटाला मतदान करतात ते सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य. म्हणजे सोयाबीनच्या काट्यावर कोण बसणार हे गावातल्या त्या वीस-पंचवीस जणांच्या हातात असतं. आणि त्यांना निवडताना आपण काय बघतो? भावकी बघतो, आदल्या रात्रीचं जेवण बघतो. लोकसभेला क्रांतिकारक आणि सोसायटीला पाहुणेरावळे, असं चालणार नाही. ग्रामसभेला किती जण जातो, ते ज्यानं त्यानं मनात मोजावं.

अपक्षाला मत देऊ नका असं मी म्हणत नाही. लोकसभेला दिलेलं ते मत फवारणीसारखं आहे, अळी फार झाली की मारावीच लागते. पण नुसत्या फवारणीवर पीक येत नाही. खाली जमीन धरावी लागते, आणि आपली जमीन म्हणजे सोसायटी, ग्रामसभा, बाजार समिती.

तुमच्या भागात लोकसभेला अपक्षाला किती मतं पडली, आणि त्याच गावात सोसायटीची निवडणूक बिनविरोध झाली का? खाली लिहा. शिव्या नकोत, आकडे लिहा.

रामराम.