जुना पॅड काढताना

नवा स्टीलचा डबा घरी आला की त्यावरचे लेबल नखाने खरवडणारा एकजण घरात हमखास असतो. लेबल अर्धे निघते, अर्धे राहते आणि उरलेल्या गोंदावर धूळ बसून काळा डाग पडतो. जाणती गृहिणी मात्र डबा क्षणभर गॅसच्या आचेवर धरते, मग तेच लेबल अलगद सुटून येते. चेन्नईच्या किनाऱ्यावर सर्फबोर्डाचा जुना पॅड काढताना नेमके हेच शहाणपण उपयोगी पडते.

चेन्नईहून महाबलिपुरमच्या रस्त्याने साधारण ४० किलोमीटर गेले की कोवलम हे मच्छीमारांचे गाव लागते. केरळातले कोवलम ते वेगळे. ओंडके एकत्र बांधून केलेल्या 'कट्टुमरम'वरून लाटा ओलांडणे तमिळ किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. याच गावातल्या मूर्ती मेगावन या मच्छीमाराने २०१२ मध्ये साथीदारांच्या मदतीने सर्फिंगची शाळा सुरू केली. २०१३ पासून तिथे सर्फिंगचा महोत्सव भरू लागला आणि क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्सही त्यात हौसेने सामील झाला.

सर्फबोर्ड वरून दणकट दिसतो, पण आत असतो तो नुसता फोम. अनेक बोर्डांत तर थर्मोकोलच. त्यावर फायबरग्लासचे कापड आणि रेझिन यांचे पातळ कवच. मागचा पाय घसरू नये म्हणून शेपटाकडच्या भागावर खडबडीत स्पंजासारखा पॅड चिकटवतात. ऊन आणि खारे पाणी खाऊन तो कालांतराने कडक होतो, त्याच्या कडा सुटतात आणि ऐन लाटेवर पाय घसरतो.

नवा बोर्ड महाग, म्हणून शिकाऊ मुले बहुधा वापरलेलाच घेतात. असा बोर्ड घरी आला की पहिला मोह होतो तो पॅडचे टोक धरून एका झटक्यात ओढण्याचा. तो आवरावा. पॅड सरळ वर ओढला तर गोंदाबरोबर खालचे कवचही उचलले जाऊ शकते. मग काही मिनिटांच्या घाईपायी साठवलेले पैसे वाया!

आधी गोंद मऊ करावा. बोर्ड थोडा वेळ उन्हात ठेवावा किंवा केस वाळवण्याचे यंत्र मध्यम आचेवर फिरते ठेवावे. बोर्ड हाताला सोसवेल इतपतच कोमट व्हावा. उकळते पाणी ओतू नये आणि चेन्नईच्या दुपारी बोर्ड बंद मोटारीत ठेवून देऊ नये. जास्त उष्णतेने आतला फोम बिघडतो, कवच सुटून फुगे येतात.

मग एक कोपरा सोडवावा आणि पॅड बोर्डाला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश मागे ओढावा. अडला तर मासेमारीचा तंगूस कामी येतो. त्याची दोन टोके दोन्ही हातांत धरून पॅडखालून करवतीसारखा पुढेमागे सरकवला की गोंद कापला जातो. खरवडायला प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी, सुरी किंवा उलथने नको.

उरलेल्या गोंदावर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ थांबावे. गोंद सैल होऊन फडक्यावर येतो. नंतर साबणाने तेलाचा अंश न अंश धुवावा, नाहीतर नवा पॅड चिकटणार नाही. पेट्रोल किंवा नखांचे पॉलिश काढायचे द्रव वापरण्याचा मोह नको. ॲसिटोन पडताच थर्मोकोल विरघळते. कवचाला बारीकशी चीर असली तरी तेवढ्यातून ते आत शिरून फोम पोखरते.

अशी चीर असते ती पुष्कळदा पॅडच्या खालीच. म्हणून पॅड निघाल्यावर ती जागा बोटांनी चाचपून पाहावी. तपकिरी डाग, मऊ लागणारा भाग किंवा केसाएवढी रेघ दिसली तर तिथून पाणी आत मुरत असावे. बोर्ड नेहमीपेक्षा जड लागत असेल तर शंका आणखी बळकट. अशा वेळी चिरेची बाजू खाली करून बोर्ड सावलीत वाळवावा. समुद्रकाठच्या दमट हवेत याला कित्येक दिवस लागतात, तेवढे द्यावेत. त्यानंतर जाणकाराकडून चीर बुजवून घ्यावी. थर्मोकोलच्या बोर्डाला इपॉक्सी रेझिनच लागते, पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोल खाऊन टाकते.

मगच नवा पॅड. जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी, मापात खुणा कराव्यात आणि कडांवर चांगला दाब द्यावा. २४ तास बोर्डाला पाणी लावू नये. समोर लाटा चांगल्या उठत असताना एक दिवस काठावर बसणे मुलांना जिवावर येते खरे. पण पॅडखालची चीर वेळेवर सापडली असेल, तर तेवढ्या एका दिवसाच्या बदल्यात बोर्ड पुढची कित्येक वर्षे साथ देईल.