फेर निर्धास्त हवा

मधोमध दिवा, भोवती टाळ्यांचा फेर. युनेस्कोने २०२३ मध्ये मानवतेचा वारसा मानलेला गरबा मुंबईच्या मैदानांतही नऊ रात्री रंगतो.

त्याच फेरात कुणी मुद्दाम धक्का मारतो, कुणी पाठीवर मोबाइल रोखतो. मुलगी ठेका सोडून, ओढणी सावरत कडेला येते. ‘गर्दीत चालायचंच’ हे उत्तर संतापजनक आहे. नकोसा स्पर्श, अश्लील शेरेबाजी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे.

प्रवेशद्वारावर धर्म तपासण्याची मागणी अलीकडे होते. अशा तपासणीने छेडछाड थांबत नाही, शेजारी मात्र दुखावतो.

आयोजकांनी फेराजवळ स्वयंसेविका नेमाव्यात, वाहनतळापर्यंत दिवे लावावेत आणि मंचावरून ११२ हा आपत्कालीन मदत क्रमांक दर तासाला सांगावा.